अरब देशांतील फार्मसी शिक्षण : आधी पदवी की आधी काउंटरवरचे काम?

खलबत्ता (धागाकर्ता)

गेल्या पंचवीस वर्षांत अरब देशांतील औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणात जो सर्वांत ठळक बदल झाला, तो म्हणजे जुन्या बी.फार्म. पदवीच्या जागी किंवा तिच्या जोडीला अमेरिकी धर्तीची फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) पदवी आली. जॉर्डनमध्ये इर्बिदजवळच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने ती या शतकाच्या प्रारंभीच सुरू केली, जेद्दाच्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठाने २००१ मध्ये तिचा आरंभ केला आणि इजिप्तने २०१९ पासून पाच वर्षे शिक्षण व एक वर्ष प्रत्यक्ष प्रशिक्षण असा आराखडा देशभर लागू केला. लेबनॉनच्या लेबनीज अमेरिकन विद्यापीठाने तर अमेरिकेतील अधिस्वीकृती मंडळाचीच मान्यता मिळवली, आणि २००७ मध्ये स्थापन झालेल्या कतार विद्यापीठाच्या फार्मसी महाविद्यालयाने कॅनडाची. कागदावर पाहिले तर ही प्रगती वेगवान आहे आणि ती घडवून आणणाऱ्या प्राध्यापकांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही.

माझा आक्षेप क्रमाला आहे. फार्मासिस्टने रुग्णाशी बोलावे, त्याची औषधे तपासावीत, मात्रा चुकत असेल तर डॉक्टरांना कळवावे, यासाठी ही पदवी आणली गेली. पण औषध दुकानात असे काम करण्याची जागा, वेळ आणि मोबदला यांपैकी काहीही निर्माण न करता आधी पदवीची वर्षे वाढवली गेली. परिणामी उत्तम शिकलेला तरुण खोकी देणे-घेणे करणाऱ्या काउंटरवर येऊन उभा राहतो, किंवा तेथे येतच नाही.

सौदी अरेबियाचे उदाहरण मला या बाबतीत निर्णायक वाटते. रियाधमधील औषध दुकानांची एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पाहणी करणारे रुग्ण किंवा नातेवाईक बनून ३२७ दुकानांत गेले आणि घसा दुखणे, जुलाब, लघवीची जळजळ अशी लक्षणे सांगत राहिले. ७७.६ टक्के दुकानांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक दिले, आणि घशासाठी व जुलाबांसाठी तर सुमारे ९० टक्के वेळा दिले. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकणे तेव्हाही बेकायदेशीरच होते. विकणारे अडाणी नव्हते, ते पदवीधर आणि परवानाधारक फार्मासिस्ट होते. पुढे २०१८ मध्ये सौदी आरोग्य मंत्रालयाने हाच जुना नियम कडकपणे राबवायला घेतला, एक लाख रियालपर्यंत दंड, परवाना रद्द होणे आणि तुरुंगवास यांची ताकीद दिली, आणि त्यानंतरच्या पाहण्यांत ही विक्री झपाट्याने घसरलेली दिसली. काउंटरवरची माणसे तीच होती, त्यांच्या पदव्याही त्याच होत्या. मग बदलले काय? चिठ्ठीशिवाय विकण्याची किंमत बदलली.

यात आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सौदी विद्यापीठांतून फार्म.डी. झालेले तरुण प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत, औषध कंपन्यांत आणि २००३ मध्ये स्थापन झालेल्या अन्न व औषध प्राधिकरणात गेले. गल्लीतल्या दुकानात वर्षानुवर्षे उभे होते ते मुख्यतः इजिप्तचे, त्यांच्या जोडीला जॉर्डन, सुदान, सीरिया, भारत, पाकिस्तान येथून आलेले फार्मासिस्ट. म्हणजे ज्या शिक्षणावर पैसा खर्च झाला त्याची फळे ज्या काउंटरवर दिसायला हवी होती, तेथे ते शिक्षण घेतलेला माणूस क्वचितच होता. ही दरी भरून काढण्याचा सरकारचा उपाय म्हणजे स्थानिकांसाठी नोकऱ्यांचे प्रमाण ठरवणे. जुलै २०२५ पासून ते दुकानांसाठी ३५ टक्के आणि रुग्णालयांसाठी ६५ टक्के करण्यात आले. त्याने काउंटरवरच्या माणसाचे नागरिकत्व बदलेल, पण त्याच्या कामाचे स्वरूप बदलेल असे मानायला मला आधार सापडत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा की पुढील दहा वर्षे अरब देशांनी नवी महाविद्यालये आणि लांब पदव्या यांना विराम द्यावा आणि पैसा व राजकीय बळ तीन ठिकाणी लावावे : दुकानांची नियमित व निःपक्ष तपासणी, सल्ल्यासाठी विमा किंवा सरकारी निधीतून वेगळा मोबदला, आणि दुकानमालकाच्या विक्री उद्दिष्टांपासून फार्मासिस्टला कायदेशीर संरक्षण. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून ठरावीक सात आजारांसाठी फार्मासिस्टने दिलेल्या प्रत्येक सल्ल्यामागे मोबदला मिळू लागला, सुरुवातीला तो १५ पौंड होता, आणि तेथे दुकानात बसून बोलायची खोलीही असते. जेथे केवळ खोक्यावरच्या नफ्यावर दुकान चालते तेथे कोणता मालक विक्रीची जागा कमी करून खोली बांधेल?

---

निशिगंध

खलबत्ता यांची मांडणी नीटनेटकी आहे, आणि तिच्या नीटनेटकेपणामुळेच मला ती धोकादायक वाटते. त्यांनी दिलेले सौदी उदाहरण त्यांच्या विरुद्धच जाते.

२०१८ च्या कारवाईने काय साधले? फार्मासिस्ट नकार द्यायला शिकला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे मोठे काम आहे, हे मी मान्य करते. परंतु घसा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला नकार मिळाल्यावर पुढे काय मिळाले? त्याला ताप किती दिवस आहे, गिळताना त्रास होतो का, लहान मूल आहे का, गाठी आल्या आहेत का हे विचारून, हा बहुधा विषाणूचा संसर्ग आहे, तीन दिवसांत उतार पडेल, अमुक झाले तर मात्र डॉक्टरांकडे जा, असे सांगणारा माणूस दंडाच्या भीतीने तयार होत नाही. असा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे महाविद्यालयात व रुग्णालयाच्या वॉर्डात घालवावी लागतात. तपासणी अधिकारी वाईट गोष्ट थांबवू शकतो, पण चांगली गोष्ट तो घडवू शकत नाही.

इंग्लंडच्या १५ पौंडांचा दाखला तर अर्धाच सांगितला गेला. तेथे फार्मसीची पदवी १९९७ मध्येच चार वर्षांची एम.फार्म. झाली आणि त्यानंतर एक वर्षाचे प्रशिक्षण व नोंदणी परीक्षा होतीच. सल्ल्याचा हा मोबदला त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आला. सरकारने पैसे दिले ते आधीपासून शिकलेल्या मनुष्यबळाला. हाच क्रम उलटा करून, ज्याला आजाराचा इतिहास घेता येत नाही अशा विक्रेत्याला सल्ल्याचे पैसे देऊ लागलो, तर विमा कंपन्या दोन वर्षांत ती योजना गुंडाळतील आणि पुढची तीस वर्षे कोणी तिचे नाव काढणार नाही.

रुग्णालयांविषयी खलबत्ता एका वाक्यात पुढे गेले, पण शिक्षणाचा परिणाम जेथे खरोखर मोजता येतो ती जागा तीच आहे. रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट रुग्णालयासारख्या ठिकाणी क्लिनिकल फार्मासिस्ट डॉक्टरांबरोबर राउंडला जातो, मूत्रपिंडाचे कार्य पाहून व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची मात्रा बदलायला सांगतो, कर्करोगाच्या औषधांची तयारी तपासतो, आणि त्यासाठी पदवीनंतरचे निवासी प्रशिक्षणही तेथे आहे. चाळीस वर्षांपूर्वी या भागात हे काम करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील. ती दंड लावून तयार झाली नाहीत. आज ती रुग्णालयात थांबतात ही तक्रार मला समजते, पण नवे मनुष्यबळ प्रथम जेथे मान मिळतो तेथेच जाते आणि तेथील जागा भरल्या की बाहेर झिरपते. महाविद्यालये दहा वर्षे थांबवली तर झिरपायलाही काही उरणार नाही.

---

तिसरा प्रहर

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघाची प्रादेशिक परिषद अम्मानला झाली आणि त्याच वर्षी जागतिक परिषद अबू धाबीला. शिक्षण आणि मनुष्यबळ विकास हे शब्द दोन्हीकडे व्यासपीठावर होते. त्यानंतर जॉर्डनमध्ये फार्मसी हा ‘संपृक्त’ (पदवीधर जास्त आणि नोकऱ्या कमी अशा) विषयांच्या सरकारी यादीतच राहिला आणि पदवी घेतलेल्या मुली मोठ्या संख्येने घरी बसल्या. आपली दोघांची चर्चा वाचताना वाटते की विषय गुणवत्तेचा नसून संख्येचा आहे. आधी मोजून प्रवेश द्या, मग क्रमाचा वाद घाला.

---

शारजाकर

मी कोल्हापूरकडून बी.फार्म. करून संयुक्त अरब अमिरातीत आलो आणि बरीच वर्षे दुकानाच्या काउंटरवर काम करतो आहे, म्हणून येथे लिहिण्याचे धाडस करतो. भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. येथे परवाना मिळवायचा तर पदवी आणि अनुभवाची कागदपत्रे डेटाफ्लो या यंत्रणेकडून मूळ संस्थेत पडताळली जातात, नंतर आरोग्य खात्याची परीक्षा होते आणि मग नोकरी देणाऱ्याच्या नावावर परवाना निघतो. डी.फार्म. झालेली आपली मुले येथे बहुधा सहायक किंवा तंत्रज्ञ म्हणून लागतात, फार्मासिस्ट म्हणून नाही. या बाबतीत येथील नियम आपल्यापेक्षा कडक आहेत, कारण आपल्याकडे दोन वर्षांच्या पदविकेवर नोंदणीकृत फार्मासिस्ट होता येते.

आता कामाचे स्वरूप पाहा. चिठ्ठी येते, बहुतेक वेळा ती संगणकावरच असते. तिच्यातील औषध विमा कंपनीच्या यादीत आहे का, पूर्वपरवानगी लागते का, निदानाचा संकेतांक औषधाशी जुळतो का हे पाहण्यात माझा सर्वाधिक वेळ जातो. संकेतांक जुळला नाही तर दावा नाकारला जातो, मग डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करावा लागतो, आणि रांगेतला माणूस घड्याळ पाहू लागतो. यातून उरलेल्या वेळात समुपदेशन करायचे. माझ्या एका जुन्या नोकरीत जीवनसत्त्वे आणि त्वचेची मलमे यांच्या विक्रीचे महिन्याचे लक्ष्य फार्मासिस्टवर होते आणि ते न गाठल्यास पगारवाढ अडत असे. परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असताना त्याला ‘हे मी विकणार नाही’ असे सांगणे किती जणांना परवडेल, याचा विचार प्राध्यापकमंडळींनी करावा. येथवर मी खलबत्ता यांच्याशी सहमत आहे.

परंतु पुढे नाही. माझ्यासमोर दिवसभरात मल्याळम, उर्दू, बंगाली, पश्तो, तगालोग आणि अरबी बोलणारी माणसे येतात. हिंदी-उर्दूवर बरेच निभते. अरबी मी कामापुरती शिकलो, पण एखाद्या वृद्ध अमिराती आजींना इन्हेलर कसा वापरायचा हे समजावताना माझी दमछाक होते. गंमत अशी की माझे इजिप्शियन सहकारी, ज्यांची मातृभाषा अरबी आहे, तेही म्हणतात की त्यांनी सगळे औषधशास्त्र इंग्रजीत शिकले आणि ‘मूत्रपिंडावर ताण येईल’ हे साध्या अरबीत कसे सांगायचे हे कोणत्याही वर्गात शिकवले नाही. पैसे दिले, खोली बांधली, तपासणी केली तरी हा प्रश्न जागेवरच राहतो. माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याचा सराव हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो अभ्यासक्रमात कोठेही गांभीर्याने येत नाही. दमास्कसमध्ये १९१९ पासून वैद्यकीय शिक्षण अरबीत चालते, म्हणून सीरियन सहकाऱ्यांना ही अडचण कमी येते. त्यांना इंग्रजी संशोधन वाचताना अधिक कष्ट पडतात, हेही तितकेच खरे.

---

सायंतारा

शारजाकर यांनी भाषेचा मुद्दा काढला म्हणून त्याच्या शेजारचाच एक मुद्दा मांडते. पदवी लांब असावी की आखूड यापेक्षा त्या पदवीत काय शिकवले जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मी मधुमेहाच्या रुग्णांबरोबर काम करते, त्यामुळे रमजानचे उदाहरण घेते.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका या विभागात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण १६ टक्क्यांच्या पुढे आहे. जगातील कोणत्याही विभागात ते इतके नाही. या विभागात पाकिस्तानही धरला जातो, तरी अरब देशांचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. २००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांहून अधिक रुग्णांचा एपिडायर नावाचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, सौदी, मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया हे देश होते आणि भारतही होता. प्रकार दोनचा मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी महिन्यातील किमान पंधरा दिवस रोजे ठेवले आणि रमजानमध्ये रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे गंभीर प्रसंग त्यांच्यात सुमारे साडेसात पट वाढले.

आता विचार करा, हे प्रसंग टाळण्यासाठी योग्य माणूस कोण? रमजानच्या आधी महिना-दोन महिने औषधे न्यायला येणारा प्रत्येक रुग्ण फार्मासिस्टला भेटतोच. ग्लिबेनक्लामाइड ही साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी घेणाऱ्याला ओळखावे, सकाळची मोठी मात्रा इफ्तारकडे न्यायची का आणि सहरीची (पहाटेच्या जेवणाच्या वेळची) कमी करायची का याविषयी डॉक्टरांशी बोलावे, बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही हे रुग्णाला पटवावे, आणि साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडायलाच हवा हे ठामपणे सांगावे. पैशाची मोठी तरतूद न करताही यातील बरेचसे करता येईल. पण त्यासाठी हा विषय पदवीच्या गाभ्यात हवा. अमेरिकी मंडळाच्या निकषांवर आखलेल्या अभ्यासक्रमात तो असलाच तर एखाद्या पाहुण्या व्याख्यानापुरता असतो, कारण निकष लिहिणाऱ्यांसमोर हा रुग्णच नव्हता. हज यात्रेच्या उन्हात इन्सुलिन कसे सांभाळावे, अत्ताराच्या (म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या) दुकानातून आणलेली मेथी, कलौंजी, सोनामुखी यांचा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर किंवा साखरेच्या गोळ्यांवर काय परिणाम होऊ शकतो, हे विषयही असेच परीक्षेबाहेर राहतात.

परदेशी मान्यतेचा दुसरा परिणाम उघड आहे. लेबनॉनमध्ये अमेरिकी मान्यतेची फार्म.डी. घेतलेला विद्यार्थी परदेशी पदवीधरांची समकक्षता परीक्षा न देता थेट अमेरिकेतील परवाना परीक्षेला बसू शकतो. २०१९ नंतर लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळली, चलन मातीमोल झाले, दुकानांतून साधी रक्तदाबाची औषधे नाहीशी झाली, तेव्हा त्या पदवीने अनेकांना देश सोडण्याचा मार्ग दिला. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण देशाची आरोग्यव्यवस्था सुधारण्याचे साधन म्हणून त्या मान्यतेकडे पाहायचे असेल, तर हा हिशेबही मांडावा लागेल.

---

खलबत्ता

सर्वांचे आभार. काही मुद्द्यांना एकत्र उत्तर देतो.

निशिगंध, आपण इंग्लंडचा कालक्रम अचूक सांगितलात, मात्र त्याच न्यायाने अमेरिकेकडेही पाहू. तेथे फार्म.डी. ही प्रवेशाची एकमेव पदवी होऊन दोन दशके उलटली. तरीही वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत फार्मासिस्टला आजही स्वतःच्या सेवेचे बिल लावणारा सेवादाता म्हणून सर्वसाधारण मान्यता नाही, आणि मोठ्या साखळी दुकानांतील फार्मासिस्टनी २०२३ मध्ये कामाच्या ताणाविरुद्ध काम बंद ठेवले. ज्या देशाची पदवी उचलली त्या देशातच पदवीने मोबदला ओढून आणला नाही. तो झिरपण्याचा सिद्धांत तेथे दोन दशकांत चालला नसेल, तर इजिप्तमध्ये तो कोणत्या बळावर चालणार आहे?

आणि इजिप्त हाच खरा प्रश्न आहे, कारण आखातातील काउंटर मोठ्या प्रमाणावर तेथूनच भरतो. आधुनिक वैद्यकीय शिक्षण या भागात जेथे सुरू झाले, ते एकोणिसाव्या शतकात मुहम्मद अलीच्या काळात क्लो बे या फ्रेंच डॉक्टरच्या हाताखाली आधी अबू झाबल आणि मग कैरोच्या कस्र अल-ऐनी येथे. इतकी जुनी परंपरा असलेल्या देशात आज काय दिसते? औषधाची किंमत सरकार ठरवते आणि ती खोक्यावर छापलेली असते. मार्च २०२४ मध्ये पाउंडाचे मूल्य कोसळल्यानंतर त्या किमतीत कच्चा माल आणणे कारखान्यांना परवडेना आणि अनेक औषधे मिळेनाशी झाली. त्या काळात दुकानदाराचे मुख्य कौशल्य कोणते ठरले? कोणत्या मोहल्ल्यात कोणती गोळी शिल्लक आहे हे ठाऊक असणे. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टच्या जागी पदवी नसलेला मदतनीस औषधे देताना दिसणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. (महाराष्ट्रातील वाचकांनी या वाक्यावर फार हसू नये. फार्मासिस्टच्या हजेरीची सक्ती होऊ लागली तेव्हा आपल्याकडच्या औषध विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली होती.) पदवीत एक वर्ष वाढवल्याने त्या मदतनिसाच्या जागी कोणी येणार नाही, कारण तो मदतनीस स्वस्त असतो म्हणून तेथे असतो.

सायंतारा यांचा रमजानचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि माझ्या यादीत तो नव्हता. फक्त एवढेच जोडतो की विषय अभ्यासक्रमात आणला तरी शारजाकर यांच्या रांगेत तो बोलायला तीन मिनिटे लागतात आणि ती तीन मिनिटे आज कोणीच देत नाही. सौदीतील वसफती ही व्यवस्था येथे आठवते. सरकारी प्राथमिक केंद्रातील डॉक्टर संगणकावर चिठ्ठी लिहितो आणि रुग्ण ती करारबद्ध खासगी दुकानातून विनामूल्य भरून घेतो. सरकार आणि दुकान यांच्यात करार आधीच अस्तित्वात आहे, चिठ्ठीची नोंद आहे. त्या करारात ‘मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाशी रमजानपूर्वी एकदा संवाद, त्याची नोंद आणि त्याचे शुल्क’ ही एक ओळ घालायला कोणतीही नवी पदवी लागत नाही.

---

पश्चिमवारा

चर्चा आखात आणि इजिप्त यांच्याभोवतीच फिरते आहे. मगरेबमध्ये (उत्तर आफ्रिकेच्या पश्चिमेकडील अरब देशांत) चित्र निराळे आहे आणि ते खलबत्ता यांच्या प्रस्तावाची परीक्षा घ्यायला उपयोगी आहे.

ट्युनिशियात फार्मसीचे सरकारी विद्याशाखा केंद्र एकच, मोनास्तीरला, १९७५ मध्ये स्थापन झालेले. प्रवेश मोजून दिले जातात. शिक्षण फ्रेंच वळणाचे आणि सहा वर्षांचे आहे. औषधांची आयात सरकारी मध्यवर्ती फार्मसीमार्फत होते, किमती आणि नफा ठरलेले असतात, दुकान फार्मासिस्टच्याच मालकीचे असते आणि नवे दुकान कोठे उघडता येईल हे लोकसंख्या व अंतर यांवर ठरते. म्हणजे येथे साखळी दुकानांचे लक्ष्य नाही, मालक वेगळा आणि फार्मासिस्ट वेगळा असा ताण नाही, पदवीधरांचा पूरही तुलनेने आटोक्यात आहे. खलबत्ता यांचे संरक्षण आणि तिसरा प्रहर यांची मोजणी या दोन्ही अटी बऱ्याच अंशी पूर्ण झालेल्या आहेत.

असे असूनही २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ देशांच्या अभ्यासात, २०१५ सालच्या लोकसंख्येच्या प्रमाणातील प्रतिजैविक वापरात ट्युनिशिया आणि अल्जेरिया हे दोन्ही देश पहिल्या सहांत होते. यात डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्याही आल्या, हे खरे. पण बाजार शिस्तीत आणला की काउंटर आपोआप सुधारतो, या गृहीताला हे आकडे अडचणीत आणतात.

---

खलबत्ता

पश्चिमवारा, आपला दाखला वजनदार आहे, परंतु तो माझ्या गृहीताला लागत नाही. दुकान कोणी व कोठे उघडावे यावर नियंत्रण असणे आणि दुकानातून काय दिले जाते यावर देखरेख असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्युनिशियाने पहिली केली. रियाधमध्ये २०१८ नंतर दुसरी झाली. मध्ययुगीन अरब शहरांत मुहतसिब हा सरकारी तपासनीस बाजारात फिरून अत्तारांचे आणि सरबते करणाऱ्यांचे माल तपासत असे, तेव्हाही तो दुकान कोठे आहे हे पाहून परत जात नसे. शिवाय ट्युनिशियाच्या पद्धतीतही फार्मासिस्टचे उत्पन्न शेवटी विकलेल्या औषधावरील टक्क्यावरच अवलंबून आहे. औषध न देता दिलेल्या सल्ल्याला तेथेही मोबदला शून्य आहे.

---

निशिगंध

खलबत्ता, आपला वसफतीचा प्रस्ताव मला आवडला आणि तो उद्या लागू झाला तर मी विरोध करणार नाही. पण ‘नवी पदवी लागत नाही’ हे विधान तपासून पाहा. रमजानपूर्व संवादाची नोंद कोणती? रुग्णाला धोका कमी, मध्यम की अधिक हे ठरवायचे तर मूत्रपिंडाची स्थिती, मागील साखर घसरण्याचे प्रसंग, गरोदरपण, इन्सुलिनचा प्रकार हे सगळे विचारावे आणि समजावे लागते. आज हे न शिकलेल्या माणसाच्या हाती आपण तो अर्ज दिला, तर तो चौकटीत खुणा करून शुल्क घेईल. विम्याच्या संकेतांकांचे जे झाले तेच त्याचे होईल, आणि ते काय झाले हे शारजाकर यांनी लिहिलेलेच आहे.

माझ्या मते खरी कोंडी आपण दोघांनीही अजून नीट हाताळलेली नाही. इजिप्तमध्ये २०१९ ला प्रवेश घेतलेली पहिली फार्म.डी. तुकडी २०२४ मध्ये पाच वर्षे पूर्ण करून प्रशिक्षणाच्या वर्षात गेली. त्या वर्षी या मुलांना शिकवणार कोण? दुकानात त्यांचा मार्गदर्शक जुन्या पदवीचा, गर्दीने पिचलेला आणि या कामासाठी काहीही न मिळणारा फार्मासिस्ट आहे. अनेक ठिकाणी विद्यार्थी हा त्याच्यासाठी फुकटचा मदतनीस ठरतो, दिवसभर खोकी लावतो आणि शेवटी वहीवर सही मिळते. पदवी आणि काउंटर यांची गाठ जर कोठे पडत असेल तर ती या वर्षात. आपण मागितलेला निधी मला मिळाला तर मी तो आधी मार्गदर्शकांना देईन : दर विद्यार्थ्यामागे मानधन, त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण, आणि ज्या दुकानात रुग्णाशी बोलायची सोय नाही त्या दुकानाला विद्यार्थी न पाठवण्याचा नियम.

---

शारजाकर

निशिगंध यांच्या शेवटच्या नियमाला माझा पाठिंबा आहे, पण एक व्यावहारिक शंका आहे. आमच्याकडे येणारे स्थानिक विद्यार्थी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात आणि त्यांना रुग्णांसमोर उभे करायचे की नाही हे दुकानाचा व्यवस्थापक ठरवतो, फार्मासिस्ट नव्हे. विमा दाव्यात त्यांच्याकडून काही चूक झाली तर त्याची वजावट दुकानाच्या रकमेतून होते. त्यामुळे मार्गदर्शकाला मानधन दिले तरी विद्यार्थी मागच्या खोलीत साठा मोजतानाच दिसेल. मानधनाच्या करारात दुकानमालकालाही पक्षकार करावे लागेल, आणि विद्यार्थ्याने हाताळलेल्या चिठ्ठ्यांच्या नाकारलेल्या दाव्यांचा भार कोणी उचलायचा हे त्यात लिहावे लागेल. विद्यापीठ तो उचलणार आहे का?